तुमचे डोळे उघडायचे म्हणतायत

तुमचे डोळे दादांनी मिटले. मी कोपऱ्यात उभी होते, मला दिसलं. त्यांनी तळहात तुमच्या कपाळावरून हळूच खाली आणला आणि पापण्या तशाच राहिल्या. आता तेच दादा, तुमचे सख्खे थोरले भाऊ, ओसरीवर बसून सांगतायत की तेराव्याच्या आत तुमचे डोळे उघडून आणायचे.

फोटोतले, म्हणजे.

"मिटल्या डोळ्याचा फोटो भिताडाला लावायचा न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतायत. "मानूस दाराकडं बघत पायजे. घरात कोन आलं, कोन गेलं, त्येला दिसाय नगं?"

आपली लेक सुनी सांगलीहून आली आहे. तुमच्या कॉम्प्युटरमधले सगळे फोटो ती फोनमध्ये घेतेय, कारण कॉम्प्युटर चालू केला की आत कोणीतरी दात खात असल्यासारखा आवाज येतो. हजारो फोटो, आणि त्यात तुमचा धड असा एकच. तो मी काढलेला, आणि त्यात तुमचे डोळे मिटलेले. आधार कार्डावरचा आहे, पण तो मोठा केला की फुटतो, डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन उरतात. कराडचा फोटोवाला सुनीला म्हणाला, चेहरा चांगला आलाय, कुणाचे तरी डोळे पाठवा, बसवून देतो. कुणाचे पाठवायचे ते मी सांगायचं आहे. बायको म्हणून तो माझा मान आहे म्हणे.

तुम्हाला ठाऊक आहे, मला चार माणसांत पाण्याचा तांब्या मागता येत नाही. असं काही मनात आलं की मी ते तुमच्या कानात सांगायची आणि तुम्ही ते मोठ्यानं चौघांना सांगायचात. आता कान नाही. म्हणून रोज रात्री सगळी आडवी झाली की माजघरात बसून हे थोडं थोडं लिहिते.

आणि हे खूळ काही दादांचं नाही. तुम्हीच लावलंत गावाला. कोयनानगरला पावरहाऊसमध्ये जन्म काढलात, रिटायर झालात, कॉलनीतली खोली सोडून आपण खोऱ्यात खाली गावी आलो. पहिले काही महिने तुम्ही अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होतात. मग सुनीकडं गेलात, जावयांबरोबर पेठेत हळद बघायला म्हणून बाहेर पडलात आणि हळदीऐवजी काळा कॅमेरा घेऊन आलात.

आणल्या आणल्या देवापुढं ठेवला. नव्या मोटारीची करतात तशी आपण त्याची पूजा केली, आणि कुंकवाचं बोट नेमकं पुढच्या काचेला लागलं. ते तुम्हाला कळलं नाही आणि मलाही नाही. मग काढाल त्या फोटोत वरच्या अंगाला एक लालसर ढग. कोंबड्यांवर ढग, नदीवर ढग. शेजारच्या तानुकाकूंच्या म्हशीच्या डोक्यावर ढग आला तेव्हा काकू घाबरल्या आणि म्हशीवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेवटी सुनीनं फोनवर विचारलं, "आप्पा, काच पुसलीय का?" तेव्हा ढग गेला. काकू मात्र म्हणत राहिल्या, "मिरच्यांचा गुन आला बघ."

हळूहळू तुम्ही शिकलात. एका बारशाचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर न घेताच कार्ड पुसून बसलात आणि त्या घरावरून जायला नको म्हणून किती तरी दिवस नदीकडून फेर घेऊन रानात जायचात. त्यानंतर तुमचे नियम झाले. कार्ड भरलं की आधी कॉम्प्युटरवर घ्यायचं. घेतलेलं उघडून बघायचं. मगच कार्ड पुसायचं. प्रत्येक घराचा कप्पा वेगळा, कप्प्यावर घरातल्या कर्त्या बाईचं नाव, कारण तुम्ही म्हणायचात, बाप्यांची नावं सारखीच असत्यात. आणि सगळ्याची एक प्रत सांगलीला सुनीच्या कपाटात.

"हितं जमीन हलती," तुम्ही म्हणालात. "भित पडली तर?"

"आवं, तितं पानी शिरतंय की घरात."

"मग? हितं हललं तर तितलं ऱ्हाईल, तितं बुडलं तर हितलं. दोनी एकदम झालं तर फोटो बगाय कोन ऱ्हातंय?"

तुम्ही हसलात. मला नाही हसू आलं. आता तेच झाल्यासारखं वाटतं. फोटो दोन्हीकडं आहेत. बघणारा नाही.

पहिले डोळे तुम्ही उघडलेत ते तानुकाकूंच्या मालकांचे. ते गेले तेव्हा घरात एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, पापण्या पडलेला. तुम्ही त्यांच्या मुलाला दारात उजेडाला बसवलंत, त्याचे डोळे तेवढे उचललेत आणि कॉम्प्युटरवर बापाच्या चेहऱ्यात बसवलेत. मी चहा घेऊन आले होते. मुलगा पडद्याकडं बघून दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "आबा माज्याकडंच बगत्यात." स्वतःचेच डोळे होते ते त्याचे. त्याला कळलं नाही. मला कळत होतं. मी चहा तिथंच ठेवून आत गेले.

मग वाऱ्यासारखी बातमी. वरच्या आळीतून, नदीपलीकडून माणसं प्लास्टिकच्या पिशवीत फोटो गुंडाळून आणायची, सोबत नारळ. कॅमेरा घेतला होता कोंबड्यांसाठी आणि नदीसाठी, आणि आपल्या दारात मेलेली माणसं येऊ लागली. मी म्हणायची, "घरात नगा आणू ते." तुम्ही म्हणायचात, "अगं, डोळं मिटून टांगलेलं मानूस बरं दिसतंय का? पोराबाळांकडं बगू दे की त्येला." ह्यावरून आपलं कधी मिटलं नाही. मी तुम्हाला पटवू शकले नाही, तुम्हीही मला पटवलं नाहीत. फक्त दरवेळी भाकरी जरा जास्त करपायची.

पुरुषांचं सोपं होतं. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ आणून बसवला की झालं. बायकांचं अडायचं. आपल्याकडच्या बायका कॅमेरा दिसला की खाली बघणार, नाही तर पदर ओढणार. लेकीसुना समोर बसायच्या आणि पायाच्या अंगठ्याकडं बघायच्या. तरी थोड्या दिवसांनी तुम्ही बायकांचेही फोटो करून द्यायला लागलात. मी एकदा विचारलं, "ह्येंचं डोळं कुनाचं?"

"हायत माझ्याकडं," एवढंच म्हणालात.

सासूबाई गेल्या तेव्हा आपल्याकडं कॅमेरा नव्हता. त्यांचा एकच फोटो होता, सुनीच्या लग्नातला, अक्षता पडताना डोळे मिटलेला. तुम्ही त्या फोटोचा फोटो काढलात, डोळे उघडलेत, मोठा करून आणलात आणि माजघराच्या दारावर लावलात. त्या दिवसापासून मला ह्या घरात पाठ करून बसता आलं नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. भाकरी थापताना मानेवर कोणीतरी बघतंय असं वाटायचं. वळून बघितलं की सासूबाई.

त्यांची भीती नव्हती वाटत. हयातीत त्यांनी कधी नजर खाली केली नाही, सरपंचासमोर सुद्धा नाही. फोटोत मात्र त्या ओशाळलेल्या दिसायच्या. कुणी बघायला लावलंय म्हणून बघतायत, आता मान वळवू द्या म्हणतायत, अशा. भावकीतल्या बायका म्हणायच्या, "म्हातारी मेल्यावर मऊ झाली बाई." सगळ्या हसायच्या. मीही पदराआड हसायची, आणि फोटोकडं नजर गेली की हसू जागीच थांबायचं. ही नजर कुठं तरी बघितली आहे असं वाटायचं. आठवायचं नाही.

परवा दुपारी कळलं.

सुनी फोन घेऊन माझ्याजवळ बसली होती. तिनं सांगितलं की फोटो आत गेले की फोन आपोआप चेहरे वेगळे करतो, ज्याचे त्याचे एका जागी ठेवतो. सुनीच्या लेकराचे एकीकडं, जावयांचे एकीकडं. आणि जिथं त्याला शंका येते तिथं तो विचारतो. त्यानं दोन गोल दाखवले होते आणि खाली लिहिलं होतं, ही एकच व्यक्ती आहे की वेगळी?

एका गोलात सासूबाई होत्या. दुसऱ्या गोलात एक बाई होती. खिडकीशी बसलेली, डोक्यावर पदर, समोर सरळ बघणारी. चांगली होती दिसायला. मी विचारलं, "ही कोन गं?"

सुनी माझ्याकडं बघत राहिली. "आई," ती म्हणाली, "तू आहेस ही."

मी फोन हातात घेतला. मला मी ओळखू आले नव्हते. लग्नातल्या फोटोत मी खाली बघतेय, सुनीच्या लग्नात पदर आहे, बाकी कुठं मी नाहीच. आरशात बघते तेव्हा कुंकवापुरतं कपाळ बघते. ही बाई समोर बघत होती. मला वाटलं ती मला ओळखते आणि मीच तिला ओळखत नाही.

"आप्पांनी तुझा फोटो कधी काढला? तू तर काढू द्यायची नाहीस."

"काढलाच न्हाई त्येनी," मी म्हणाले.

सुनीनं कॉम्प्युटर सुरू केला. आतला दात खाल्ल्याचा आवाज थांबू दिला. मग तिनं सासूबाईंचा फोटो उघडला आणि मोठा करत गेली. तुम्ही शिकवलेलं मला आठवत होतं, लहान फोटो मोठा केला की फुटतो. सासूबाईंचे गाल फुटले, नाक फुटलं, कपाळावरचं गोंदण फुटून ठिपके झाले. डोळे फुटले नाहीत. फुटलेल्या चेहऱ्यात दोन डोळे ओले, चकचकीत, पापणीचा एकेक केस मोजावा असे. सुनी आणखी मोठं करत गेली. बुबुळात उजेडाचा एक चौकोन होता, आणि त्यात उभे गज.

"आपल्या माजघराची खिडकी," सुनी हळू आवाजात म्हणाली.

गजांच्या अलीकडं, उजेडाच्या आड, वाकलेलं एक माणूस होतं. काळं, बोटभर सुद्धा नाही. कोपर बाहेर काढून दोन्ही हात तोंडाशी धरलेले. तुम्ही.

तेव्हा मला तो दिवस आठवला. कॅमेरा नवा होता. तुम्ही मला खिडकीशी बसवलंत. मी पदर ओढला तर तुम्ही म्हणालात, "अगं, बंद हाय. चार्जिंगच न्हाई. उजेड कुठनं पडतोय तेवढं बगतो. तू नुस्ती बस."

"खरं?"

"देवाशप्पत. हिकडं बग, काचंत. काय दिसतंय?"

मी बघितलं. काचेत मी मला दिसत होते, मुंगीएवढी. नवल वाटलं म्हणून बघत राहिले. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. कोंबड्या बिथरतात म्हणून तुम्ही कॅमेऱ्याचा आवाज आधीच बंद केला होता, ते मला कुठं माहीत? तुम्ही खूप वेळ कॅमेरा खाली घेतला नाहीत. मग म्हणालात, "झालं. जा, चा टाक."

देवाची शपथ घेतलीत. खोटी. आता मी रागावू कुणावर? दोन दिवस रागात भात जेवले नाही; सुनीला वाटलं दुःखानं. दुःख होतंच. पण मला त्या रागात बरंही वाटत होतं, जणू तुम्ही शेतावर गेला आहात आणि संध्याकाळी आलात की भांडायचं आहे. आणि मग असंही मनात येतं की इतक्या वर्षांत मला कुणी एवढा वेळ बघितलं नव्हतं. माहेरी नाही, इथं नाही. तुम्ही बघितलंत. बघण्यासाठी देवाची खोटी शपथ घ्यावी लागली, हा दोष तुमचा म्हणावा तर मीही तुम्हाला सरळ कुठं बघू देत होते?

फोन थांबला नाही. काल त्यानं तानुकाकूंना आणि मला शेजारीशेजारी ठेवलं. काकू गेल्या त्याला तर तीन पावसाळे झाले असतील. मग वरच्या आळीची आक्का. मग गुरवांची सून, बाळंतपणात गेली ती, एवढीशी पोर. सगळ्यांच्या चेहऱ्यात तीच नजर. सुनी दर वेळी मला विचारते, "काय दाबू? एकच, का वेगळी?" मी म्हणते, "काय नगं दाबूस." मग तो दुसऱ्या दिवशी परत विचारतो. आज सकाळी त्यानं एक बाई दाखवली, जाडजूड, नाकात नथ, माझ्या कधी बघण्यात न आलेली. नदीपलीकडच्या कुठल्या तरी गावची असणार. तिच्या घरी मी कधी गेले नाही, जाणार नाही. तिच्या भिंतीवरून मी बघतेय.

आठवतंय, तानुकाकूंच्या सुनेकडं हळदीकुंकवाला गेले की मी काकूंच्या फोटोकडं पाठ करून बसायची? तुम्ही विचारलं होतंत, काय बाई, काकूचा राग हाय का? मी म्हणाले, तिथं वारा लागतो. आता माझं बोलावणं बंद होईल. कुणी मुद्दाम करणार नाही, जग तसंच आहे. संक्रांतीला बायका जमतील, वाण लुटतील, एकमेकींना नाव घ्यायला लावतील, आणि मी घरी असेन. माझे डोळे तेवढे तिथं असतील. तुम्ही हे बघून केलं नसणार. तुम्हाला डोळे पाहिजे होते आणि घरात एक जोडी होती. पण मी जिथं जिथं जाऊ शकत नव्हते तिथं तुम्ही मला नेऊन ठेवलंत, आणि ते चांगलं केलंत की वाईट, हे मला ठरवता येत नाही. सुनीला मी सांगितलं आहे, त्या घरांना यातलं काही कळू द्यायचं नाही. ती म्हणाली, "आई, मला विचारशील तर मलाच झोप लागत नाही, मी कुणाला सांगू?"

आता तुमचा फोटो.

तो काढला ती दुपार तुम्हाला आठवत असेल. तुम्ही पायरीवर बसला होता, माझ्या हातात कॅमेरा दिलात.

"मला न्हाई येत."

"येतंय. बोट हितं. अर्दं दाबायचं, चौकोन हिरवा झाला की पुरं. कुकरपरीस सोपं हाय."

"आन बिगाडलं म्हंजे?"

"बिगाडलं तर पुसायचं. गाडगं हाय व्हय फुटाय?"

मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात बघितलं. तुमच्या तोंडावर ऊन होतं. तुम्ही डोळे मिटून हसत होता. चौकोन हिरवा झाला. मी दाबलं नाही, तशीच धरून राहिले. तुम्ही म्हणालात, "दाब की गं, का झोपू हितंच?" मग दाबलं.

"डोळं मिटलं की," तुम्ही बघून म्हणालात. "पूस."

"ऱ्हाऊ द्या."

"मेल्यावानी दिसतोय."

"तसलं बोलू नगा."

त्यानंतर तो फोटो समोर आला की आपलं हेच. तुम्ही पूस म्हणायचात, मी ऱ्हाऊ द्या म्हणायची. गावाचे डोळे तुम्ही एका दुपारी उघडून द्यायचात. तुमचे उघडायला किती वेळ लागला असता? मी राहू द्या म्हणाले म्हणून राहू दिलेत का? हे विचारायचं मनात होतं. दवाखान्यात सुद्धा होतं, पण तिथं शेजारच्या खाटेवर माणसं होती.

आज दुपारी दादांनी सगळ्यांना बोलावलं. फोटोवाल्याला आजच कळवलं नाही तर तेराव्याला फ्रेम मिळणार नाही. दादा, जाऊबाई, सुनी. मी दाराच्या आत.

"माजं डोळं धाडा," दादा म्हणाले. "सख्खा भाऊ हाय. कुनाला कळतंय?"

"काका, तुमच्या एकात मोतीबिंदू आहे," सुनी म्हणाली.

"मग एकच घ्या माजा. दुसरा धनीन देईल."

"एक बाप्याचा आन एक बाईचा," जाऊबाई म्हणाल्या. "मेल्यावर भावजींचं सोंग करताय व्हय?"

सगळी हसली. दादाही हसले आणि मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. सुनी उठून माझ्याजवळ आली, कानाशी लागली. "आई, तुझेच पाठवू का? आप्पांनी सगळ्यांना तेच लावले. त्यांनाही शोभतील."

शोभले असते. मला क्षणभर दिसलं सुद्धा. तुमचं कपाळ, तुमच्या मिशा, आणि मधे मी. मग रोज सकाळी केर काढताना वर बघायचं आणि तुमच्या तोंडातून आपणच आपल्याकडं बघतोय. सासूबाई मी, तानुकाकू मी, तुम्हीही मी. माझ्याकडं बघणारं दुसरं कुणी ह्या जगात उरणार नाही.  सुनीनं धरलेला हात मी सोडवून घेतला.

मी उंबऱ्याबाहेर आले. दादांसमोर मी कधी तोंड वर केलेलं नाही, तुम्ही जाणता. आजही मान वर झाली नाही, पण आवाज निघाला.

"कुनाचंबी लावू नगा."

"आं?" दादा म्हणाले.

"मिटल्यालंच ऱ्हाऊ द्या."

"अगं बाई, लोक काय म्हनतील? दुसऱ्याचं उगडलं आन सोताचं तसंच? आन त्येला घर दिसंल कसं?"

"त्येंनी लय बगितलंय," मी म्हणाले. "आता मला बगू द्या. त्येंचं डोळं उगडं असल्यावर मला त्येंच्याकडं बगता येत न्हाई. कवाच आलं न्हाई."

हे मी भावकीसमोर बोलले. बोलून झाल्यावर कळलं काय बोलले.  जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. दादा बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले, मग ती डोक्यावर ठेवली आणि सुनीला म्हणाले, "धाड तसाच."

त्या दुपारी मी बटण का दाबत नव्हते ते तुम्ही विचारलं नाहीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला नीट बघितलं नव्हतं. जेवायला वाढताना ताटाकडं बघायची, तुम्ही बोलत असलात की तुमच्या गुंडीकडं. पाठमोरे गेलात की मग पाठीकडं. कॅमेऱ्यात तुम्ही डोळे मिटलेले होता आणि मी बघतेय हे तुम्हाला दिसत नव्हतं. म्हणून अर्धं दाबून धरून ठेवलं होतं.

फोटोवाल्याला पाठवायच्या आधी सुनीनं तो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला, ठीक आहे ना बघ म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. मी एकटीच होते. पडद्याच्या अगदी जवळ बसले, पदर मागं सारला. तो फोटो फुटला नाही. मी चांगला काढला आहे हो. डाव्या भुवईत तुमचा एक केस पांढरा आहे, बाकीच्यांपेक्षा लांब, खाली पापणीवर आलेला. मला माहीतच नव्हतं.